बयाआत्याची लाल पेन्सिल

सांगलीत बयाआत्याच्या तेराव्याला सगळ्यांत मोठ्यानं रडले ते माझे वडील. १९७९ सालची गोष्ट. विश्रामबागेत तिच्या लेकीच्या, अंजनाच्या घरी ते भिंतीला टेकून बसले आणि आल्यागेल्याला थोरल्या बहिणीचे पराक्रम सांगत राहिले. त्या रडण्याचा मला अजून राग येतो.

पराक्रम खरे होते. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात फौजेतल्या शिपायाची बायको सासरी राहून मनिऑर्डरची वाट बघायची. त्या काळात ही बाई पोराला काखेत मारून एकटी रेल्वेनं थेट रावळपिंडीला नवऱ्याकडे पोचली. पुढं अंबाला, जबलपूर, डेहराडून. एकदा परत येताना डब्यात जागा मिळेना म्हणून एका गोऱ्या साहेबाच्या ट्रंकेवर बसून ती झाशीपर्यंत गेली होती म्हणे. दर खेपेला सांगताना ते अंतर वाढायचं आणि शेवटी ते भुसावळला येऊन थांबलं. थापा मारण्यात आत्या कुणाला हार जायची नाही.

प्रत्येक छावणीतून ती एक झाड आणायची. गुलाबाची काडी बटाट्यात खुपसून, वर ओलं फडकं गुंडाळून. आजोबांनी तिला ओढ्याकडेचे दहा गुंठे चोळीबांगडीला म्हणून दिले होते, अर्थात तोंडी. नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली, ती त्या दहा गुंठ्यांसाठीच. बहात्तरच्या दुष्काळात तिनं अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून झाडं जगवली. डेहराडूनची लिची मात्र बारा वर्षांत एकदाही फळली नव्हती. गाव हसायचं.

"यील की," ती म्हणायची. "तिला हितली हवा कळाया येळ लागतुया."

मला लिहायला शिकवलं तेही तिनंच. ती लेकाकडं, लेकीकडं जिथं गेली असेल तिथं मी पत्र पाठवायचं आणि तिनं लाल पेन्सिलीनं चुका काढून तेच पत्र परत धाडायचं, असा आमचा शिरस्ता होता. माझं अक्षर वळणदार झालं ते त्यामुळे.

शहात्तर साली आजोबा वारले. त्याच सुमाराला नदीवरून पाण्याची योजना आली आणि जो तो ऊस लावायला निघाला. दिवाळीच्या आधी वडिलांनी मला तलाठ्याला द्यायचा अर्ज लिहायला बसवलं. बयाबाई राजीखुशीनं हक्क सोडत आहेत, असा मजकूर होता. मी विचारलं तर म्हणाले, आक्कानंच सांगितलंय, आता तिच्यानं होत नाही, बाग आपणच सांभाळायची. मी अकरावीतली पोरगी. बापाचा शब्द खरा धरला आणि छान अक्षर काढलं.

भाऊबीजेला आत्यानं वडिलांना ओवाळलं. त्यांनी ताटात लुगडं ठेवलं आणि लुगड्यावर तो कागद.

"आक्का, पाण्याच्या योजनेचा कागद हाय. सही कर."

आगगाडीचं वेळापत्रक उलटसुलट वाचून टीसीशी भांडणारी बाई. पण ताटात भावानं काय घातलं ते त्याच्यादेखत निरखून बघायचं नसतं, आमच्याकडं ते बरं दिसत नाही. तिनं चष्माही लावला नाही आणि मराठीत ऐटदार सही ठोकली. मी तिथंच तेलाची वाटी धरून उभी होते. पाण्याच्या योजनेचा तो कागद नव्हता, हे त्या घरात वडिलांखेरीज मला एकटीला कळलं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली.

डिसेंबरात ती आसामला मुलाकडं, बाळासोकडं गेली. जानेवारीत वडिलांनी बाग तोडली. लिचीला मोहोराचे कोंब दिसायला लागले होते, असं तोडणारा गडीच म्हणाला.

मार्चमध्ये आत्या आली ती डालड्याच्या डब्यात आसामी लिंबाचं रोप घेऊन. बांधावर पोचली तर पुढं हातभर ऊस. ती तशीच मागं फिरली. घरी आली, वडिलांसमोर बसली. वडिलांनी कपाटातली अर्जाची नक्कल काढून दिली. या खेपेला तिनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कागद वाचला. सहीपाशी ती थांबलीसुद्धा नाही. माझ्याकडं वळून म्हणाली,

"अक्षर लय चांगलं झालंय गं तुजं, विजे."

दुसऱ्या दिवशी ती लिंबाचा डबा घेऊन एसटीनं सांगलीला गेली. पुन्हा आली नाही. अंजनाच्या अंगणात तिनं लिंबू लावला म्हणून कळलं.

वडिलांनी तिला फसवलं, मला फसवलं, आणि तिच्या लेखी मीही त्यांच्यातलीच. हे मला सोसेना. मी चार पानी पत्र लिहिलं. वडील कसे खोटं बोलले, मी कशी लहान होते, सगळं लिहिलं आणि शेवटी 'आत्या, मला माहीत नव्हतं' म्हणून सही केली.

पंधरा दिवसांनी तेच पत्र परत आलं. रिवाजाप्रमाणे जागोजाग लाल खुणा होत्या. शेवटच्या ओळीतल्या 'नव्हतं'वर तिनं काट मारली होती आणि वर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'होतं'.