थिरीताईंची बैठक

तो फोटो बाहेर गेला तो माझ्या हातून. ज्या माणसावर त्याचा आळ आला, त्याचा त्या फोटोशी काही संबंध नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थिरीताईंविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल. यातली नावं मी बदलली आहेत. ‘थिरी’ हेही त्यांचं खरं नाव नाही. त्यातलं ‘ताई’ मात्र खरं आहे.

नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहराच्या कडेला, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. दोन-तीन वर्षं आमची ओळख कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मान हलवण्यापुरतीच होती. मग करोनाचा दुसरा हिवाळा आला. मी झुइडास या बँका-ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेच्या आयटी विभागात काम करायचो, पण ऑफिस बंद असल्यामुळे दिवसभर माडीवरच्या खोलीत लॅपटॉपसमोर असायचो. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका दुपारी अडीच वाजता, ऐन मीटिंगमध्ये, शेजारच्या परसात कुणीतरी पातेलं बडवायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीचलाच. तिसऱ्या दिवशी माझ्या मॅनेजरनं विचारलं, घराचं काम काढलंय का. मी खाली गेलो.

कुंपणापलीकडे एक ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई उभ्या होत्या. अंगात जाड कोट, पायात घरातल्या सपाता, एका हातात ॲल्युमिनियमचं पातेलं आणि दुसऱ्या हातात लाकडी डाव. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. मनासारखं बडवून झाल्यावर मला म्हणाल्या, “रंगून में अभी रात के आठ बजे हैं.”

म्यानमारमध्ये लष्करानं नुकतीच सत्ता बळकावली होती. रोज रात्री आठला तिथे घराघरांतून लोक भांडी बडवत होते. घरातली पीडा हाकलण्याची त्यांच्याकडची ती जुनी रीत. थिरीताई इथून, दुपारच्या उजेडात, एकट्या त्यांना साथ देत होत्या. पलीकडच्या घरातल्या डच आजोबांनी एकदा तक्रार केली, तेव्हा त्या त्यांच्या दारात केक ठेवून आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीचला परसात हजर झाल्या.

त्यांची हिंदी दिल्लीतली. विद्यार्थी असताना, अठ्ठ्याऐंशीच्या उठावानंतर त्या डोंगर चालून मिझोराममध्ये आल्या होत्या, मग बरीच वर्षं दिल्लीत निर्वासित म्हणून राहिल्या. भाजीवाल्याशी हुज्जत घालत शिकलेली ती हिंदी अजून ताजी होती. पुढे नेदरलँड्सनं आसरा दिला आणि त्या इथल्या एका औषधाच्या दुकानात काम करू लागल्या. त्यांची बर्मी माणसं त्यांना ‘मा थिरी’ म्हणत. मा म्हणजे थोरली बहीण. तुमच्यात काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, मग तेच म्हण, मॅडम नको.

आपण मराठी माणसं नवा माणूस भेटला की आधी आडनाव आणि गाव विचारतो. मीही त्यांच्या एका पाहुण्याला तसं विचारलं. तो कसानुसा हसला. तो गेल्यावर थिरीताईंनी मला कुंपणाशी बोलावलं.

“आडनाव आमच्यात नसतंच. पोलिसांची तेवढीच गैरसोय,” त्या म्हणाल्या. “पण ऐक. आमच्या माणसाला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. ‘खाना खाया?’ एवढंच विचारायचं. जेवलाय म्हणाला तर तो जिवंत आहे, ठीक आहे. त्याच्यापुढे आपल्याला काय करायचंय?”

मलाही त्या रोज तेच विचारायच्या. मी कंटाळून ‘हो’ म्हटलं तर पुढचा प्रश्न यायचा, काय खाल्लं? सुजाता, माझी बायको, त्यांना पोहे द्यायची. त्या आंबवलेल्या चहाच्या पानांची, भरपूर दाणे घातलेली कोशिंबीर द्यायच्या. दोन्ही डबे कुंपणावर ठेवून दोघी दोन पावलं मागे सरकायच्या.

थिरीताईंचा एक गट होता. इथल्या चार शहरांत विखुरलेली दहा-बारा माणसं आणि म्यानमारच्या आतली तितकीच. आतले लोक कुणाला अटक झाली, कोण बेपत्ता आहे, कुठल्या दवाखान्यातले डॉक्टर संपावर आहेत, हे सांगायचे. इथले लोक ते डच आणि इंग्रजीत करून खासदारांकडे, पत्रकारांकडे पोचवायचे. त्यांच्या ऑनलाइन बैठका सारख्या तुटायच्या, मधेच अनोळखी लोक घुसायचे. मी आमच्या मराठी मंडळाचे सगळे ऑनलाइन कार्यक्रम सांभाळत होतो. गणपती, दिवाळी पहाट, हळदीकुंकूसुद्धा. मी म्हटलं, तुमच्या बैठकाही सुरक्षित करून देतो. थिरीताईंनी गटाला सांगितलं, हा आपला भैया आहे. गटानं मला आत घेतलं, ते त्या एका शब्दावर.

नियम त्यांनी मला समजावले होते. खरी नावं नाहीत, कॅमेरे बंद, रेकॉर्डिंग नाही. आतल्या माणसांपैकी एकाला सगळे ‘सया’ म्हणत. सया म्हणजे शिक्षक. ते एका शाळेत गणित शिकवायचे. संपात उतरल्यावर त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं होतं आणि ते बहिणीच्या घरी लपले होते. मला त्यांचा फक्त आवाज माहीत होता. हळू बोलायचे, आणि वाक्य संपलं की ‘समजलं का?’ असं विचारायचे.

मार्चमधल्या एका बैठकीत बातमी आली की गटाचं निवेदन इथल्या संसदेत एका खासदार बाईंनी वाचून दाखवलं. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी रडलं. तेवढ्यात अडीच वाजले. थिरीताई लॅपटॉप तसाच ठेवून पातेलं घेऊन परसात गेल्या. आणि मी, मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी म्हणतो तसं म्हणालो, चला, सगळ्यांनी कॅमेरे सुरू करा, एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे.

माझ्या डोक्यात काय होतं, असं मला नंतर विचारलं गेलं. काहीच नव्हतं. कार्यक्रम झाला की फोटो, एवढंच हाताला वळण होतं. बर्मी माणसांत एक संकोच असतो. मदतीला आलेल्या माणसाला नाही म्हणून ओशाळं करायचं नाही. एकेक चौकोन उजळत गेला. सयाही दिसले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मागे खिडकी, खिडकीत पाण्याची उंच टाकी. भिंतीतून पातेल्याचा आवाज येत होता, आणि मी म्हणालो, स्माइल.

संध्याकाळी तो फोटो मी मंडळाच्या फेसबुक पानावर टाकला. वर लिहिलं, ‘लोकशाहीसाठी लढणाऱ्या बर्मी मित्रांना आपल्या मंडळाची तांत्रिक मदत.’ भराभर अंगठे आले. अभिमान वाटतो, असं कुणीकुणी लिहिलं.

चार-पाच दिवसांनी सयाच्या बहिणीच्या घरावर सैनिक आले. सया मागच्या दारानं निसटले. बहिणीला धरून नेलं. पाठोपाठ लष्कराच्या समर्थकांच्या एका पानावर सयाचा चेहरा झळकला. आमच्या फोटोतला तेवढाच चौकोन कापलेला, टाकीभोवती लाल वर्तुळ. सैनिक ती टाकी पाहूनच आले की आणखी कशावरून, हे कुणालाच खात्रीनं सांगता आलं नाही. त्या न-कळण्याला मी बरेच दिवस धरून बसलो. बहीण काही महिन्यांनी सुटली, सयाही सीमेपार पोचले, पण तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मंडळाच्या पानावरचा फोटो गुपचूप काढून टाकला.

थिरीताई कुंपणाशी आल्या. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही.

“भैया, तू काढलेला फोटो कुणाला दिलास?”

“कुणालाच नाही,” मी म्हणालो. “लगेच पुसला.”

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विश्वास ठेवला. माझं म्हणणं खरं, म्हणजे त्याच क्षणी आणखी कुणीतरी स्क्रीन टिपली असणार, असा अर्थ त्यांनी लावला. आणि मग गटातल्या सगळ्यांच्या नजरा नाइंगकडे वळल्या. नाइंग पन्नाशीचा, रॉटरडॅमच्या बंदरातल्या गोदामात कामाला. गटात उशिरा आला होता, फार प्रश्न विचारायचा, आणि त्याचे वडील सैन्यात कारकून होते. तेवढं पुरेसं होतं. त्यानं शपथा घेतल्या, फोन काढून दाखवला. ज्यानं काही केलंच नाही, तो दाखवणार तरी काय?

मी गप्प राहिलो. आधी लाज होती, मग भीती. इथला माझा राहण्याचा परवाना नोकरीवर अवलंबून, परक्या देशाच्या भानगडीत नाव आलं तर काय, असं मी मनाला सांगायचो. बैठका चालूच होत्या आणि मीच त्या सुरू करून द्यायचो. आतल्या माणसांचे आवाज कमी होत चालले होते. कुणी एक मिनिट उशिरा आलं तरी थिरीताईंचा श्वास मला ऐकू यायचा. नाइंगची जागा रिकामी होती.

सुजातानं तो फोटो फेसबुकवर पाहिला होता. तिनं पहिल्या आठवड्यात काही म्हटलं नाही. मग एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, “मिलिंद, तू सांगणार आहेस की मी सांगू?” मी म्हणालो, सांगतो. तरीही आणखी दिवस गेले.

एप्रिलमध्ये एका रविवारी थिरीताई त्यांच्या परसात कांदे सोलत बसल्या होत्या. मी कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकली. नाइंग कसा आहे, मी विचारलं. माझ्या अंगात तेवढंच धैर्य होतं. त्यांनी पुढचा कांदा उचलला. मग दिल्लीतली गोष्ट सांगू लागल्या. त्यांच्या खोलीत सात-आठ विद्यार्थी राहत. त्यांतला एक खबऱ्या आहे, अशी कुजबुज सुरू झाली.

“आम्ही त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त त्याच्याबरोबर जेवणं बंद केलं. एक दिवस तो उठला आणि परत सीमेकडे चालत गेला. वर्षभरानं कळलं, खबऱ्या दुसराच होता. आता नाइंगचं तेच. मी त्याला काढलं नाही, भैया. फक्त त्याला लिंक पाठवणं बंद केलं.”

मग मी सांगितलं. मंडळाचं पान, वर लिहिलेलं वाक्य, अंगठे, पुसलेला फोटो, खोटं. काहीही न गाळता. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात कोटाला पुसले. मी म्हणालो, ताई, मला माफ करा.

“माझ्याकडे कशाला मागतोस?” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मी तर तुझ्यावर विश्वास ठेवून त्याला उपाशी ठेवलं. मलाही मागायचीच आहे. बूट घाल.”

रॉटरडॅमच्या ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मास्कच्या वर फक्त त्यांचे डोळे दिसत होते आणि ते खिडकीबाहेर होते. मी दोनदा बोलायला गेलो. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, शब्द त्याच्यासाठी ठेव.

आता थिरीताई थायलंडच्या सीमेवरच्या एका गावात असतात. करोनानंतर प्रवास सुरू झाले तसं घर सोडून त्या तिथे गेल्या, पळून आलेल्यांसाठी एक स्वयंपाकघर चालवतात, अशी बातमी कधीतरी येते. निघताना मी दारात उभा होतो तेव्हा रोज जे विचारायच्या तेच त्यांनी विचारलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी मला बैठकांतून काढलंही नाही. फक्त मला पुन्हा भैया म्हणायला त्यांना बरेच महिने लागले. लोकशाहीवर त्या कधी भाषण करत नसत. पण आपल्या माणसावर संशय घ्यायला आपल्याला किती थोडं पुरतं, आणि हुकूमशहाचं निम्मं काम आपण तिथेच करून टाकतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी ते मला सांगितलं नाही. रॉटरडॅमला नेलं.

नाइंगचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खालची घंटा थिरीताईंनी वाजवली, बर्मीत दोन वाक्यं बोलल्या, दार उघडलं. त्या पुढे होतील याची मी वाट पाहत होतो.

“घरात एका दिवशी एकच पाहुणा चालतो,” त्या म्हणाल्या. सरकारचा नियम तेव्हा तसाच होता. “तो पाहुणा तू.”

मी जिना चढलो. नाइंग दारात उभा होता. माझ्या आठवणीतल्यापेक्षा बारीक, मास्क हनुवटीवर, अंगात गोदामातलं पिवळं जाकीट. त्यानं मला आत घेतलं आणि खुर्ची दाखवली. मी बसलो नाही.

“तिनं आणलं की तू आलास?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“त्यांनी आणलं,” मी म्हणालो. “मी आपणहून यायला हवं होतं.”

त्यानं मान हलवली. मग तो खिडकीकडे गेला, कडी काढली आणि तावदान पूर्ण उघडलं. खाली फुटपाथवर थिरीताई मान वर करून उभ्या होत्या. थंड वारा आत आला.

“इथून बोल,” तो म्हणाला. “मोठ्यानं. तिलाही ऐकू जायला हवं.”

मी खिडकीशी गेलो. खालून सायकलवर एक बाई चालली होती, ती थांबून वर बघू लागली.

“फोटो मी बाहेर पाठवला,” मी म्हणालो. “नाइंगनं नाही, मी. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याची शिक्षा नाइंगनं भोगली. मी ती त्याला भोगू दिली. नाइंग, मी तुझी माफी मागतो.”