आधी पाय झाडा

ह्यांची पोस्टिंग तेव्हा डोंगरातल्या एका युनिटमध्ये होती. हे नाईक, ट्रेड ड्रायव्हर. फॅमिली क्वार्टर मिळालं, तसं बुऱ्हाणपुरातल्या लालबागचं घर सासूबाईंवर सोपवून मी तिकडे गेले. फौजेतली गोष्ट फौजीनंच सांगावी. पण हे सांगत नाहीत. त्या दिवशी गाडीत मीही होते, म्हणून मी लिहिते.

युनिटमध्ये चारी बाजूंनी बंद अशी एकच जिप्सी होती, साहेबांसाठी. तिच्यात खाली कार्पेट होतं. हिवाळ्यात ते कोरडं ठेवायचं, ही ह्यांची ड्युटी. मला हसू आलं होतं. म्हटलं, "बंदूक घ्यायला गेलात आणि सतरंजी झटकताय?"

हे म्हणाले, "हसू नको वं. उस्तादांसमोर तर अजिबात नको."

उस्ताद म्हणजे एमटीचे हवालदार. एमटी म्हणजे गाड्यांचा विभाग. ते गढवालचे होते, उंच, मिशा पांढऱ्या होत आलेल्या. गाडी चालवणारा प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून गेलेला. सकाळी हजेरीचं फॉल-इन झालं की ते हातमोजा काढून जिप्सीच्या कार्पेटवर तळहात ठेवायचे. ह्यांना हाक मारायचे ती गावाच्या नावानं.

"बुरहानपुर, ये क्या है?"

"थोड़ा गीला है, उस्ताद."

"थोड़ा? इसमें तो तेरा केला उगेगा."

ह्यांनी "सूखा है, उस्ताद" म्हणावं आणि हाताला ते खरं लागावं, तेव्हाच चावी मिळायची.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून सांगते. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, मातीत कालवलं जातं आणि त्याचा खारट राडा होतो. तो बुटांना चिकटून गाडीत येतो आणि कार्पेट तो पिऊन घेतं. वरून सुकलेलं दिसलं तरी मीठ आत राहतं, आणि मीठ ओल सोडत नाही. खालचा पत्रा गंजतो. हे झालं गाडीचं नुकसान. माणसाचं नुकसान वेगळं. तोच राडा ब्रेकच्या पेडलखाली साठून गोठला, तर पेडल पूर्ण खाली जात नाही. घाटात ब्रेक अर्धा लागला तर पुढे दरी.

म्हणून उस्तादांची शिस्त होती. कार्पेटवर काठ उंच असलेली रबरी मॅट. राडा तिच्यात साठला की ती उचलून बाहेर ओतायची. रात्री मॅटखाली जुने पेपर पसरायचे. पांढरे डाग पडले तर कोमट पाण्यात फडकं पिळून टिपायचे, घासायचे नाहीत, घासलं की मीठ खोल जातं. आणि पहिला नियम बसणाऱ्यासाठी. पाय बाहेर ठेवून आडवं बसायचं, दोन्ही बूट एकमेकांवर आपटायचे, मगच पाय आत. साहेबसुद्धा तसेच बसायचे.

माझं माहेर तापीकाठचं, घरची केळी. केळीच्या खोडाच्या सोपटांचा धागा काढून दोऱ्या वळायला मी लहानपणीच शिकले होते. तिकडे जाताना थोडा धागा ट्रंकेत घातला होता. दुपारी करमेना, तेव्हा मी त्याची एक चटई विणली. जाड, चांगल्या विणीची. जिप्सीत ह्यांच्या पायाखाली राहील, ओल पिऊन घेईल, असं मनात होतं.

हे ती घेऊन गेले आणि थोड्या वेळानं उस्तादांनी मलाच बोलावलं. मी पदर सावरून एमटीच्या दाराशी उभी राहिले. उस्तादांनी चटई पाण्यात बुडवून बाहेर ठेवली होती. ती गोठून फळीसारखी कडक झाली होती. त्यांनी ती पेडलखाली सरकवली आणि ह्यांना ब्रेक दाबायला सांगितलं. पेडल मध्येच अडलं.

"देखा, बेटी? चीज बढ़िया है. जगह गलत है."

मला वाटलं, आता परत देतील. पण त्यांनी ती गाडीच्या दाराजवळ जमिनीवर टाकली आणि तिच्यावर उभं राहून बूट आपटले. "इसकी जगह ये है. अंदर कभी नहीं." तेव्हापासून पाय झाडायला तीच. मी मान हलवली. त्यांच्याशी माझं बोलणं एवढंच, मानेनं.

जानेवारीत शेजारच्या क्वार्टरमधल्या सुनीताचं पोट दुखायला लागलं. दिवस भरायला वेळ होता. तिचा नवरा मनोज, हरियाणाचा, नवा शिपाई. ॲम्ब्युलन्स आधीच एका पेशंटला घेऊन खाली गेली होती. साहेबांनी जिप्सी द्यायला सांगितली. सकाळचे दहा वाजले होते. बर्फ थांबलं होतं, रस्त्यावर मीठ पडलं होतं. सोबत बाईमाणूस हवं म्हणून मी निघाले. उस्ताद स्वतः पुढे बसायला आले.

सुनीताला उचलून आत बसवलं. मनोज धावत आला आणि तसाच चढायला लागला.

"उतर," उस्ताद म्हणाले. "पैर झाड़."

"उस्ताद, उसकी जान पर बनी है और आपको कालीन की पड़ी है!"

"उतर. पैर झाड़. फिर बैठ."

मनोज उतरला. रागानं त्यानं इतक्या जोरात बूट आपटले की चटई सरकली. मग तो बसला. गाडी निघताना त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. वहिनींनी हातानं विणलेली वस्तू राड्यात पडून राहील, असं वाटलं असेल. त्यानं खाली वाकून चटई उचलली आणि आत आपल्या पायाशी टाकली. ती रात्रभर बाहेर पडून होती. लाकडासारखी झाली होती. उस्ताद तेव्हा वायरलेस सेटवर बोलत होते.

"कंट्रोल, गाड़ी एक. मरीज के साथ नीचे जा रहे हैं. ओवर."

"गाड़ी एक, रोजर. संभल के. ओवर."

उतार सुरू झाला. मी सुनीताचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मनोज तिच्याकडे बघत होता. माझी नजर खाली गेली तेव्हा चटई मनोजच्या पायाशी नव्हती. उतारावर ती रबरी मॅटवरून घसरत दोन सीटच्या मधून पुढे गेली होती. तिचा एक कोपरा ह्यांच्या टाचेजवळ होता. पुढच्या वळणाला तो अजून सरकला.

उस्तादांसमोर माझा आवाज कधी निघाला नव्हता. हिंदी शब्दही सुचेना.

"अहो!" मी ओरडले. "चटई! पायाखाली चटई!"

ह्यांनी खाली पाहिलं नाही. उस्तादांना मराठी येत नव्हती, पण माझं बोट कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. ते सीटवरून वाकले, ह्यांच्या पायामागे हात घातला आणि चटई ओढून काढली. एका दोरीनं त्यांचा तळहात कापला. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "पैर साफ. चल."

त्यापुढच्या वळणावर एक ट्रक रस्त्यात आडवा फसलेला होता.

ह्यांनी ब्रेक दाबला. पेडल तळापर्यंत गेलं. गाडी थोडी घसरली आणि ट्रकच्या अलीकडे थांबली. सुनीता म्हणाली, "पहुँच गए क्या?"

उस्ताद म्हणाले, "नहीं बेटी. चाय की दुकान देख रहे हैं."

मग सेटवर, "कंट्रोल, गाड़ी एक. रास्ता बंद. ट्रक फँसा है. टोली भेजो, नमक के साथ. ओवर."

टोली आली, मीठ टाकलं, ट्रक बाजूला घेतला. हॉस्पिटलमध्ये दुपारी सुनीताला मुलगी झाली. लहानशी, पण रडली चांगली.

मनोज उस्तादांपुढे सावधानमध्ये उभा राहिला. "उस्ताद, मैं... वो चटाई मैंने..."

"मालूम है. मिठाई सूखी लाना. रस वाली गाड़ी में नहीं चढ़ेगी."

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बेटी, आज बोली. अच्छा किया." मी मान हलवली.

पुढच्या हिवाळ्यात रस्ता उघडायला गेलेल्या टोलीबरोबर उस्ताद गेले होते. वरून बर्फ कोसळलं. टोलीतले बाकीचे जिवंत निघाले. उस्ताद दुसऱ्या दिवशी सापडले. त्यांना खाली आणायला जिप्सी आणि ट्रक गेले. जिप्सी हे चालवत होते. खांदा द्यायला आलेले सगळे चढण्याआधी थांबले आणि एकेकानं बूट झाडले. कोणी हुकूम दिला नव्हता.

हे पेन्शनवर येऊन आता बरीच वर्षं झाली. मनोजच्या मुलीचा दिवाळीला फोन येतो. आमच्याकडे जुनी मारुती आहे, दाराशी मी विणलेली केळीची चटई असते. पाहुणे हसतात. म्हणतात, भाऊ, बुऱ्हाणपुरात कुठलं बर्फ?

हे वाद घालत नाहीत. मे महिन्यात रस्ता तापलेला असतानासुद्धा हे आडवे बसतात, चपला एकमेकांवर आपटतात, पाय आत घेतात. मग वाकून कार्पेटवर तळहात ठेवतात.

"सूखा है, उस्ताद."

आणि चावी फिरवतात.