घंटावाल्या मास्तरांचा पत्ता

इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या शेटजींची जिल्ह्यात चार दुकानं. ते वारले त्या दिवशी चारही बंद होती. मला मात्र ते परभणीच्या पहिल्या दुकानात स्टुलावर बसलेलेच आठवतात. गिऱ्हाइकाचं नाव ते कधी विचारत नसत. "काय बनवायलाव?" एवढंच विचारायचे आणि उत्तर डोळे मिटून ऐकायचे.

मी म्हणालो होतो, आमच्या ताडकळसच्या शाळेसाठी वेळेवर आपोआप वाजणारी घंटा. त्यांनी स्वतः सामान काढून पुडकं बांधून दिलं.

पुढच्या रविवारी भर उन्हात ते ताडकळसला माझ्या दारात उभे. बसनं आले होते आणि स्टँडपासून घंटा बनवणाऱ्या मास्तरांचं घर विचारत आले होते.

"मशीन चालू केली का?" आत येण्याआधीच त्यांनी विचारलं. "कपॅसिटर चुकीचा दिला मी. फुटला असता, डोळ्याला लागलं असतं."

"कुणाला तरी पाठवायचं की."

"दिला मी. दुसऱ्यानं कशाला यावं?"

मी शरमून कपाटातून पुडकं काढलं. त्याची गाठसुद्धा सोडली नव्हती. त्यांनी ते हातात फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता चिडतील.

"तुमी आळस केला ते लय बरं झालं," ते म्हणाले, खिशातून योग्य कपॅसिटर काढला आणि खाली बसले. "आता आणा इकडं. मी हाय तवर जोडून टाकू."

पाचची बस त्यांनी सोडली. घंटा वाजली, तेव्हाच ते उठले.