शिरीषाच्या मुळांवरच्या गाठी

आधी माफी मागतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात सही करणारा मीच पहिला, आणि मुळांबद्दल जे थोडंफार कळलं तेही चूक करून कळलं. अशा माणसानं लिहू नये, हे मला समजतं. पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनी नुकसान सोसलं, त्या माझ्या वडिलांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितो.

आम्ही चामटोली गावचे. वडील वांगी विकायला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जायचे. तिथे निर्वासितांच्या जुन्या बराकींपुढे सावलीला एक झाड नव्हतं. नेहमी वांगी घेणाऱ्या एका सिंधी म्हाताऱ्यांनी, ज्यांना सगळे दादा म्हणत, वडिलांना विचारलं की पावसाळ्यात लावायला शिरीषाची शंभर रोपं कराल का. वडिलांनी शब्द दिला. झाडाची रोपं त्यांनी कधी केली नव्हती, पण भाताची रोपं करण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

म्हणून त्यांनी भातासारखाच राब केला. वाफ्यावर डहाळ्या, पाला, शेण पसरून पेटवलं, माती चांगली भाजली आणि त्यात शिरीषाचं बी टाकलं. रोपं झरझर वर आली, वीतभर झाली आणि पिवळी पडून थांबली.

मे महिन्याच्या सुटीत मी घरी आलो, तेव्हा वडिलांनी वाफा दाखवला. एका कडेला, जिथे आग नीट पोचली नव्हती, पंधरा-वीस रोपं हिरवीगार होती. मी एक पिवळं आणि एक हिरवं रोप उपटलं. पिवळ्याची मुळं स्वच्छ होती. हिरव्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. वांग्याच्या मुळांना गाठी येतात तो रोग असतो, एवढं मला ठाऊक होतं. मी सांगून टाकलं की रोग इथूनच पसरतोय.

"पन हिरवी तर हीच आहेत," वडील बोलले.

"रोग आत आहे, बाबा. दिसेल नंतर."

ते वाकले आणि स्वतःच ती हिरवी रोपं उपटू लागले. आई बांधावरून म्हणाली, "एवढा शिकलास तो हिरवं तेवढं उपटायला होय रे?"

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. प्रयोगशाळेत मी भीत भीत आमच्या सरांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. हवेत नत्र भरपूर असतो, पण झाडाला तो तसा घेता येत नाही. मुळं मातीच्या पाण्यात विरघळलेलाच नत्र ओढतात, असं त्यांनी समजावलं. शिरीषासारख्या शेंगांच्या झाडांना मात्र मातीतल्या जंतूंची सोबत असते. ते कोवळ्या मुळात शिरून गाठ करून राहतात, झाडाकडून साखर घेतात आणि हवेतला नत्र त्याला पचेल असा करून देतात. राबाच्या आगीत ते जंतू मेले असणार. भाताला त्यांची गरज नसते, म्हणून भाताला राब मानवतो. म्हणजे वाफ्यात धड होती तेवढीच रोपं मी काढायला लावली होती. जुन्या शिरीषाखालची माती वाफ्यात मिसळून बघ, असं सर म्हणाले.

रविवारी घरी गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. वडील म्हणाले, "दादांना देईन बोललोय. होतील का रोपं?"

"मला माहीत नाही, बाबा."

त्यांनी कोपऱ्यातली टोपली उचलली. ओढ्याकाठच्या शिरीषाखालून दिवसभर आम्ही माती वाहिली, उरलेल्या पिवळ्या रोपांभोवतीची जमीन उकरून ती हातानं मिसळली. आई हसत होती, पण टोपली तिच्याही डोक्यावर होती.

मग मी वसतिगृहात परतलो. आषाढ गेला, काही कळलं नाही. पत्र आलं नाही की वाटायचं, वाफा वाळून गेला, सांगायचं कसं म्हणून गप्प आहेत. श्रावणात शाळेच्या गुरुजींच्या अक्षरात एक कार्ड आलं. वडिलांनी सांगितलं तसंच्या तसं गुरुजींनी उतरवलं होतं. पानं हिरवी झाली. एक रोप उकरून पाहिलं, गाठी आहेत, परत पुरलं. शंभर भरली नाहीत, सत्तर झाली. दादा म्हणाले, बाकीची पुढच्या साली. परवा कॅम्पात खड्डे खणून सगळी लावली.