हाकेला पोचणारं नाव

बाळाचं नाव पत्रिकेवरून ठरतं, आजीच्या हट्टावरून ठरतं, हल्ली तर मोबाइलवरूनही ठरतं; पण खरं नाव ठरवावं ते आमच्या आतोबांनीच, आणि तेही कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून! नांदगाव खंडेश्वरात कोणाकडे बारसं निघालं की ठरलेलं नाव आधी या माझ्या आत्याच्या नवऱ्याकडे यायचं. दिवस कलला की आतोबा धुऱ्यावर जाऊन ते नाव लांबवून हाकारत. वावराच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी, आत्या उभी असे. ऐकू आलं की ती हात वर करी. नाव पास! "नाव म्हंजे हाक असते बापू," आतोबा म्हणत, "अन् हाक पोचली पाह्यजे." पार्वती, सिद्धार्थ, सलीम सगळी विहिरीपर्यंत सुखरूप जात. एका हौशी बापाने 'कियांश' आणलं. आतोबांनी छाती भरून हाक मारली, पण हात काही वर होईना. "हे नाव हाय का शिंक हाय?" आतोबा म्हणाले. बाप रुसला खरा, पण पोराचं नाव किसन झालं.

मग आत्या गेली. हात वर करणारं कोणी उरलं नाही, आणि आतोबांनी हाका मारणंच सोडलं.

त्यानंतर मला मुलगी झाली. आमचं कुणब्याचं घर, बायको अकोल्याच्या बौद्ध घरातली. लग्नाच्या वेळचा अबोला आत्ता कुठे सरत होता, तर नावावरून पुन्हा भडका! आईला रुक्मिणी हवं, सासऱ्यांना संघमित्रा. नाव ऐकताच मूल कोणाचं ते कळावं, हीच दोघांची हौस. आता ही माणसं पुन्हा एकमेकांच्या दारात येणार नाहीत, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी सासरेच जरा नमले.

"सुजाता ठेवू," ते म्हणाले. "बुद्धाले खीर देनारी."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माह्या नणंदेचं नाव हाय ते."

दोन्ही घरं एका नावावर आली. राहिली फक्त हाक. आतोबांना आग्रहाने धुऱ्यावर नेलं. बायको बाळाला घेऊन विहिरीपाशी उभी राहिली. पण आतोबा माघारी वळले. अर्ध्या तालुक्याची नावं हाकारलेला हा माणूस, पण स्वतःच्या बायकोला जन्मभर 'अवं, आयकलं काय' म्हणत आलेला. तिचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच.

"मले नाई जमनार बापू."

"पोरीचं नाव हाय ना आतोबा," मी म्हणालो.

उन्हं विहिरीवरून उतरत होती, कपाशीतली तूर हळूहळू डोलत होती. आतोबांनी पुन्हा वळून त्या टोकाकडे पाहिलं, जणू तिथं नेहमीचंच कोणी उभं आहे. मग त्यांनी हाक मारली. "सु...जा...ता...!"

माझ्या बायकोचा हात पहिल्याच हाकेला वर झाला होता. आतोबा मात्र हाका मारतच राहिले, आणि आम्ही कोणीही त्यांना थांबवलं नाही.