ओबरलेंच्या कारखान्यातला विमा

कार्ल्सरूहेहून ब्रुखझालकडे जाणारी गाडी वाटेत एका लहान स्टेशनावर थांबते. फलाटावरून लाल विटांची एक लांबट इमारत दिसते. आता तिथे व्यायामशाळा आहे. ऊर्मिलाताई खाडिलकर त्या गाडीत असल्या, की मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी बसतात. त्या इमारतीत पूर्वी पाण्याच्या नळांचे आणि व्हॉल्व्हचे पितळी भाग बनत, आणि ताईंची उमेदीची सगळी वर्षं तिथेच गेली.

त्या जर्मनीत आल्या त्या नागेशरावांच्या मागून. ते विद्यापीठात संशोधन करायला आले होते. ताईंनी सांगलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, पण इथे पहिली काही वर्षं मुक्ता आणि राजस या दोन लहान मुलांत आणि तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये गेली. मग कुणीतरी सांगितलं, की ओबरलेंच्या कारखान्यात माल तपासायला माणूस हवंय. म्हातारे ओबरले स्वतः मुलाखतीला बसले. त्यांनी ताईंच्या हातात एक झडप आणि मायक्रोमीटर दिला, माप बघितलं आणि विचारलं, सोमवारपासून याल का. ‘ख’चा उच्चार त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, आणि शेवटचं ‘कर’ही गळून गेलं. त्यांच्यामुळे सगळ्या कारखान्यात ताई ‘फ्राऊ काडिल’ झाल्या.

ओबरले कट्टर कॅथलिक. कँटीनच्या भिंतीवर क्रूस होता आणि शुक्रवारी तिथे मांस शिजत नसे. ताई मांस खात नाहीत हे कळल्यावर ते म्हणाले होते, की तुमचा तर रोजच शुक्रवार. वसंतात ते शेतावरून ॲस्परॅगसच्या पेट्या आणत आणि प्रत्येकाच्या हातात जुडी देत. ताई त्याची मोहरी-हिंगाची फोडणी देऊन भाजी करत. एकदा त्यांनी ती डब्यातून नेली, तर ओबरलेंनी उभ्याउभ्या निम्मी संपवली. हे सांगताना ताईंचा चेहरा अजून उजळतो.

ओबरलेंच्या बायकोचं नाव हिल्डा. पगाराचं काम त्या बघत. राजस शाळेत जायला लागला आणि आता तिसरं मूल नको, असं ताई-नागेशरावांनी ठरवलं, तेव्हा डॉक्टरशी जर्मनमध्ये बोलायचं ताईंना संकट वाटत होतं. नागेशराव परगावी होते. ताईंचा उतरलेला चेहरा बघून फ्राऊ ओबरलेंनी विचारलं आणि त्यांना आपल्या गाडीतून कार्ल्सरूहेला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाहेर बसून राहिल्या. ताई तांबी बसवून बाहेर आल्या, तेव्हा जवळच्या बेकरीत त्यांनी ताईंना आलुबुखारचा केक खायला घातला. तिथे सहज बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, “पाचव्यानंतर मीही याच बाईंकडे आले होते. गोळ्या घेत होते, कित्येक वर्षं. गावाला वाटतं, देवानं आम्हाला पाचच दिली. माझ्या नवऱ्यालाही तसंच वाटतं.”

ताईंनी ते मनात ठेवलं. नागेशरावांनाही सांगितलं नाही.

वर्षं गेली. ताई तपासणी विभागाच्या प्रमुख झाल्या. कामगार आपली समिती निवडतात, तिला तिकडे बेट्रीब्सराट म्हणतात. त्यात त्या निवडून आल्या, पुढे अध्यक्षही झाल्या. फ्राऊ ओबरले कॅन्सरने गेल्या. त्यांच्या जागी रेगिना ही धाकटी मुलगी आली. तिने वडलांपुढे एक कल्पना मांडली. चांगली माणसं मोठ्या कंपन्यांकडे जातात, तर आपण सगळ्यांसाठी एक जादा आरोग्य विमा काढू. नेहमीच्या विम्यात न बसणारे खर्च त्यातून मिळतील. चष्मे, दात, औषधं. संततिनियमनही त्यात होतं. नेहमीचा विमा गोळ्यांचा खर्च फक्त कोवळ्या वयाच्या मुलींना देतो, पुढे ज्याचं त्याने बघायचं.

ओबरलेंनी मसुदा वाचला आणि संततिनियमनाचं तेवढं कलम काढायला सांगितलं; त्यांच्या चर्चला ते मान्य नव्हतं.

पॅकिंगमधली नादिन त्या दिवशी ताईंकडे आली. दोन मुलं, अर्धवेळ काम, नवरा सोडून गेलेला आणि आता नवा जोडीदार. तिला तांबी बसवायची होती, खर्च जमत नव्हता. तक्रार अशी तिने केलीच नाही. फक्त विचारलं, की मीही इथे बाकीच्यांइतकंच काम करते ना?

विमा काढायचा की नाही हे मालकाच्या हातात होतं, पण त्याचं रूप काय असावं यावर समितीची संमती लागे. समितीतल्या पुरुषांचं म्हणणं, कशाला ताणायचं, म्हातारा चिडला तर दातही जातील आणि चष्मेही. घरी नागेशराव म्हणाले, ज्यांनी तुला उभं केलं त्यांच्याशीच भांडणार का? “अहो, भांडायला नाही, बोलायला जातेय,” ताई म्हणाल्या.

ओबरलेंच्या खोलीत दोघंच होती. ओबरलेंनी आधी कॉफी ओतली.

“फ्राऊ काडिल, मी कुणाच्या घरात डोकावत नाही,” ते म्हणाले. “पगार देतो, त्याचं पुढे कोण काय करतं हे मी कधी विचारलं नाही. पण हा करार माझ्या सहीचा आहे. जे मला पाप वाटतं, ते माझ्या सहीनं कसं होऊ देऊ?”

“हाही पगारच आहे, हेर ओबरले. आम्ही काम करतो म्हणून मिळणारा. चष्मा घेतला तर तो आमचा, दात बसवला तर आमचा, आणि एवढ्याच ठिकाणी तो तुमचा होतो.”

“तुम्हाला मांस विकत घेऊन वाटायला लावलं असतं, तर चाललं असतं?”

 प्रश्न खरा होता. ताई म्हणाल्या, “मी वाटलं नसतं. पण दुसऱ्या कुणी वाटलं, तर ताटं हिसकावली नसती.”

 ओबरले खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हिल्डा असती तर माझ्या बाजूला उभी राहिली असती.”

ते बेकरीतलं टेबल ताईंच्या डोळ्यांपुढे आला. एक वाक्य बोललं असतं, तर वाद तिथेच संपला असता. ताईंनी कप उचलला. कॉफी निवली होती, तरी पीत राहिल्या.

ओबरलेंनी त्यांच्याकडे पाहिलं. “का कोण जाणे,” ते हळूच म्हणाले, “मी तिला कधी विचारलंच नाही.”

आठवडाभर काही कळलं नाही. मग रेगिनाने समितीला बोलावलं. वडलांनी कामगारांच्या विम्याचे सगळे अधिकार तिच्याकडे दिले होते. मी सही करणार नाही, पण तिचा हात धरणार नाही, एवढंच ते म्हणाले होते. कलम राहिलं. पूर्ण गोड मात्र काही झालं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ओबरले तपासणीच्या खोलीत आले नाहीत. पूर्वी रोज सकाळी एक झडप उचलून उजेडात फिरवून बघायचे. ताईंना ते लागलं. हॉलमध्ये त्यांची पावलं वाजली की त्या मान वर करायच्या, आणि पावलं पुढे निघून जायची. मग हिवाळ्यात एका सकाळी ते आले, झडप उचलली, आणि काही झालंच नव्हतं अशा थाटात मापाबद्दल बोलू लागले.

पुढे ताई निवृत्त झाल्या. रेगिनाने कारखाना विकला, नव्या मालकांनी यंत्रं दुसरीकडे हलवली. मुक्ताचे दोन्ही मुलगे “आजी, ती जिमची बिल्डिंग?” असं जर्मनमध्ये विचारतात, तेव्हा ताई मराठीत सांगतात, की तिथे आत गेलं की पितळेचा आणि तेलाचा वास यायचा, आणि थंडीत तो वास फार बरा वाटायचा.

ओबरले आता ब्रुखझालच्या वृद्धाश्रमात असतात. ताई अधूनमधून भेटायला जातात, कधी नागेशरावांना घेऊन. त्या विम्याबद्दल ताई आणि ओबरले कधी बोलत नाहीत. मागच्या खेपेला जुनं लेथ मशीन खिडकीपाशी होतं की दारापाशी, यावर त्यांचा चांगलाच वाद झाला. ओबरले म्हणत, दारापाशी. ताई म्हणत, खिडकीपाशी, हिवाळ्यात त्यावर ऊन यायचं. नर्स जेवणाची गाडी घेऊन आली तरी दोघांपैकी कुणी मागे हटेना.