भात्याचा सांडवा

"साहेब लोक निघून गेल्यावर आमच्या चर्चचा हा भव्य पाइप ऑर्गन भाता मारणाऱ्या एका नोकरामुळे कायमचा मुका झाला. त्याने रागाच्या भरात भात्याचे कातडे कापून नेले व त्याच्या चपला शिवल्या, असे जुने लोक सांगतात."

गोंदियात रेल्वे लाइनीपलीकडे असलेल्या चर्चने यंदा काढलेल्या स्मरणिकेतील हा मजकूर आहे. कागदावर छापून समाधान झाले नाही, म्हणून आता तो संगमरवरी पाटीवर कोरून ऑर्गनशेजारी बसवण्याचे ठरले आहे. त्यातला 'नोकर' म्हणजे माझे वडील. आणि 'जुने लोक' म्हणाल, तर त्या वेळच्या माणसांपैकी आता एकटा मी उरलो आहे. मला कोणीही विचारलेले नाही.

लेखकमहाशय चर्चच्या तत्कालीन सेक्रेटरींचे चिरंजीव. ज्या नाताळची ही गोष्ट आहे, त्या नाताळला ते पाळण्यात होते. त्यांच्या इतिहासाची जातकुळी कळावी म्हणून एवढे सांगतो, की ऑर्गन हत्तींच्या पाठीवरून आला असे त्यांनी त्याच पानावर लिहिले आहे. ज्या शहराचा जन्मच जंक्शनमुळे झाला, तिथे जड माल हत्तीवरून आणायला मालगाड्यांनी काय संप केला होता? ऑर्गन पेट्यांमधून मालधक्क्यावर उतरला आणि तिथून बैलबंडीने चर्चमध्ये गेला. पण हत्ती दिसायला बरे दिसतात.

प्रत्यक्षात तो फार मोठाही नव्हता. खोलीएवढे लाकडी कपाट, दर्शनी बाजूस सोनेरी रंग दिलेल्या नळ्या, मागे खरोखर बोलणाऱ्या नळ्या, आणि तळाशी भाता. भाता म्हणजे बाजेएवढी पेटी, तिच्या चारी कडांना मेंढीचे मऊ कातडे. बाजूचा दांडा वरखाली केला की आत हवा भरते आणि पेटीचे झाकण वर चढते. झाकणावरची लोखंडी वजने ती हवा नळ्यांमध्ये दाबतात. आवाज किती मोठा निघावा हे ती वजने ठरवतात, दांडा मारणाऱ्याचे दंड नाहीत. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे. सेक्रेटरींना ते शेवटपर्यंत समजले नाही.

आमचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. मूळ गाव चोरखमारा तलावाकडचे. जमीन भावकीत वाटली गेली तेव्हा वडील रेल्वेत लागले आणि गोंदियालगतच्या मुर्रीत राहू लागले. रविवारी भाता मारायला स्थिर हाताचा माणूस हवा म्हणून पाद्रीसाहेबांनी त्यांना बोलावले. पहिल्याच दिवशी ते ऑर्गनच्या मागच्या दारातून आत वाकले आणि म्हणाले, "अरे, हे तं बोडीच हाये. पाण्याच्या जागी हवा." बोडी म्हणजे धानाच्या शेतासाठी पाणी साठवायचे लहान तळे. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, तो त्या चर्चमध्ये आधी कुणीही विचारला नव्हता. "हिचा सांडवा कुठी हाये?"

सांडवा होता. भात्याच्या एका अंगाला झडप लावलेले भोक होते. झाकण प्रमाणाबाहेर चढले की दोरी ताणली जाई, झडप उघडे आणि जादा हवा सूं करून निघून जाई. तळ्याचे जादा पाणी सांडव्यावरून जाते, तसेच. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. वडिलांचा खांदा दुखत असेल त्या रविवारी मी दांडा धरी, म्हणून हे सगळे मी हाताने जाणतो. वडील प्रार्थना संपता संपता भाता काठोकाठ भरून ठेवत, म्हणजे गीताचा पहिला सूर भरल्या हवेवर निघे. भरता भरता थोडी हवा सांडे आणि प्रार्थनेच्या शांततेत तो सूं ऐकू येई.

सेक्रेटरींना तो आवाज खपेना. नाताळच्या आठवड्यात ते मागे आले. "ये क्या सूं-सूं लगा रखा है? हवा लीक हो रही है."

"लीक नाही जी, सांडवा हाये तो," वडील म्हणाले.

"सांडवा-फांडवा गांव में. इधर चर्च है."

दुसऱ्या दिवशी सुताराने त्या भोकावर फळकूट ठेवून चार स्क्रू आवळले. वडील त्याच्या शेजारी उभे राहून सांगत होते, "कायले बुजवता जी? भरल्यावर ते जाईन कुठून?" सुतार हसला. सेक्रेटरी म्हणाले, "बाबूजी, आपको पानी का मालूम, हवा का हमको मालूम."

हवेचे त्यांना काय ठाऊक होते ते नाताळच्या सकाळी दिसले. बाहेरगावचे पाहुणे येणार, ऑर्गन दणदणला पाहिजे, म्हणून सेक्रेटरींनी वडिलांना बाजूला केले आणि स्वतःचे दोन तालीमबाज पुतणे दांड्यावर उभे केले. "ज़ोर से मारना, आवाज़ बड़ी होगी." पहिले गीत झाले. बायबलचे वाचन सुरू झाले, नळ्या बंद, हवा कुठेच खर्च होत नव्हती, आणि हे दोघे पठ्ठे दांडा मारतच होते. वडील भिंतीपाशी होते. ते एकदा पुढे होऊन म्हणाले, "बस करा, बापू, भरून राहिली." एका पुतण्याने त्यांना कोपराने मागे सारले. मग धानाची गोणी उसवावी तसा आवाज झाला, आणि ऑर्गनचा आवाज त्या चर्चमध्ये पुन्हा कधीच आला नाही.

सेक्रेटरी मागे गेले, परत आले आणि मंडळीला म्हणाले, "बुड्ढे ने चमड़ा काट दिया." वर्षभरात त्या वाक्याला चपला जोडल्या गेल्या. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर लोक वडिलांच्या पायांकडे बघून विचारत, "काका, कौन से सुर की चप्पल है?" त्यानंतर मरेपर्यंत वडिलांनी कातडी चप्पल पायात घातली नाही. उन्हाळ्यातही टायरच्या चपलांवर चालले. मेंढीच्या त्या मऊ कातड्याची चप्पल चर्चपासून फाटकापर्यंतदेखील टिकली नसती, एवढा विचार करायला फार शिक्षण लागत नाही. पण विनोद रंगलेला असताना विचार कोण करतो?

स्मरणिका वाचून मी लेखकमहाशयांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, पुरानी बात है. जाने दीजिए ना."

"पुरानी आहे, तर दगडावर कशाला कोरता?"

"लोगों को कहानी अच्छी लगती है."

"तुम्ही मागचे दार कधी उघडून पाहिलेत?"

"अंदर क्या है, गुरुजी? धूल."

धूळ पाहायलाही वाकावे लागते. दोन पिढ्या त्या ऑर्गनची आरास झाली, फोटो निघाले, लेख लिहिले गेले, आणि एकाही माणसाने चार पावले मागे जाऊन आत डोकावले नाही. इतिहास लिहिण्याची ही रीत त्यांनाच लखलाभ होवो.

गेल्या आठवड्यात मीच गेलो. चर्च झाडणाऱ्या बाईंनी मागच्या दारासमोरच्या खुर्च्या हलवल्या. "गुरुजी, आत तं उंदरंच असतीन. या वयात काऊन वाकून राहिले?"

"बाई, तुम्ही फक्त बॅटरी धरा."

गुडघ्यांवर बसलो. सांडव्यावरचे फळकूट जागच्या जागी होते, चारही स्क्रू गंजलेले. पण फळकुटाने फक्त सेक्रेटरींचा शहाणपणा सिद्ध होतो. माझ्या वडिलांवरचा आरोप कातड्याचा आहे, म्हणून मी हात आणखी आत घातला. कातडे एका घडीवर लांब उसवले आहे आणि उसवलेल्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या आहेत. त्या दोन्ही कडा मी बोटांनी जवळ आणल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या एकमेकींना जुळतात. मधून नखाएवढेही कातडे गेलेले नाही.